लिमिटरच्या जागी भाऊजी

भाऊजी,

तुम्हाला पत्र लिहायची माझी ही पहिलीच खेप. एका जिन्यावर समोरासमोर दारं असताना लिहायचं तरी काय? मी इकडून हाक मारायची, तुम्ही तिकडून 'आलोच वहिनी' म्हणायचं आणि अर्ध्या तासानं उगवायचं, एवढाच आपला पत्रव्यवहार. आता तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाल्यावर लिहायला बसले, कारण परवा रेडिओ स्टेशनवर जाऊन आले. इमारतीला नवा रंग दिलाय आणि आत शिरल्याशिरल्या काचेच्या कपाटात तुमचं ते काळं धूड बसवलंय. खाली पितळी पट्टी आहे : 'लिमिटिंग ॲम्प्लिफायर, व्हॉल्व्हचा, सव्वीस वर्षं सेवेत.' सेवेत म्हणे. सेवा कोणी केली ते पट्टीवर नाही. स्टेशनच्या स्मरणिकेसाठी या यंत्राबद्दल काही लिहा म्हणाले. यंत्राबद्दल लिहिणारे इंजिनियर पुष्कळ आहेत. मी त्याच्या मालकाबद्दल लिहिते.

वाचणाऱ्यांना आधी थोडं सांगायला हवं. तुम्ही एवढा भाग सोडून पुढे जा.

स्टुडिओतला आवाज तारेनं ट्रान्समीटरकडे जातो आणि तिथून हवेत. या ट्रान्समीटरचं पोट नाजूक. ठरल्यापेक्षा मोठा आवाज आला की त्याला तो पचत नाही. आधी आवाज फाटतो, आणि त्याहून मोठा आला की आतलं संरक्षणाचं रिले खाडकन पडतं आणि सगळं स्टेशन मुकं होतं. म्हणून वाटेत लिमिटर. कोणी ओरडलं की हा त्याला दाबतो, कोणी हळू बोललं की मोकळं सोडतो. आता हे काम नखाएवढा तुकडा करतो. तेव्हा त्याला चौदा व्हॉल्व्ह, म्हणजे दिव्यासारख्या तापणाऱ्या काचेच्या नळ्या, लागत, आणि ते खोकं हलवायचं तर दोन धट्टेकट्टे गडी. थंडीत आम्ही निवेदिका त्याच्या पाठीवर हात शेकायला जायचो आणि तुम्ही हाकलायचात. आमची बोटं लागून ते बिघडेल म्हणून नव्हे, आमच्या बांगड्यांचा आवाज तुम्हाला सोसायचा नाही म्हणून.

नाटकवाली मंडळी तुम्हाला 'तोंडदाबे' म्हणायची. त्यांनी बेंबीच्या देठापासून आरोळी ठोकावी आणि तुमच्या यंत्रानं ती शेजारणीच्या हाकेएवढी करून बाहेर सोडावी, म्हणून. एका नव्या टायपिस्टनं ते खरंच आडनाव समजून रजेच्या कागदावर टाइप केलं, आणि तुम्ही शांतपणे सही करून रजेवर गेलात.

सासूबाई सांगायच्या, की धाकटा लेक लहानपणी बोलायलाच उशिरा लागला. थोरला दोन माणसांचं बोलायचा, तो पुढे माझा नवरा झाला. तुम्ही मॅट्रिक होऊन रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात चिकटलात आणि तिथून स्टेशनात. लग्नाचं एकदा जमत आलं होतं. मुलीच्या घरी गेलात, तिथला रेडिओ खरखरत होता, तो उघडून बसलात आणि तीन तासांनी दुरुस्त करून परत आलात. मुलगी कशी वाटली विचारलं तर म्हणालात, रेडिओ चांगल्या कंपनीचा आहे. त्यानंतर तुमच्यासाठी कोणी चप्पल झिजवली नाही. आणि असा हा माणूस दिवसभर जोड्या लावत बसायचा.

जोड्या व्हॉल्व्हच्या. लिमिटरमधले मुख्य व्हॉल्व्ह जोडीनं काम करतात. दोघं सारख्या ताकदीचे असले तर बाहेर कळतही नाही की आत काही दाबलं जातंय. एक कमी, एक जास्त झाला, की दाबताना यंत्र स्वतःच 'धप्प' असा आवाज काढतं, आणि ज्या धक्क्यापासून ट्रान्समीटरला वाचवायचं तोच धक्का हे त्याला देतं. राखणदारानंच दार फोडावं तसं. म्हणून तुमचा नियम : नवा व्हॉल्व्ह आला की तो एक पूर्ण दिवस आणि रात्र फळीवर नुसता तापवायचा, कारण तेवढं तापल्यावरच त्याची ताकद स्थिरावते, मग मोजायचा, ज्याचा त्याला सारखा मिळेल त्याच्याबरोबर एका फडक्यात बांधायचा. जोडीतला एक गेला की दुसराही काढायचा. स्टोअरकीपर कपाळावर हात मारून घ्यायचा, धडधाकट माल फुकट घालवता म्हणून. तुम्ही म्हणायचात, मी विधुरांची लग्नं लावत नाही.

हा नियम सव्वीस वर्षांत तुम्ही एकदा मोडलात. माझ्यामुळे.

त्या दिवशी सकाळचं प्रसारण संपलं आणि तुमच्या लक्षात आलं की एक व्हॉल्व्ह गेलाय. फडक्यात बांधलेली एकही जोडी उरली नव्हती. शेवटची आठवड्यापूर्वी वापरली होती आणि वर मागणी करून दोन महिने झाले होते. स्टोअरमध्ये एकच नवा कोरा व्हॉल्व्ह, पुठ्ठ्याच्या डब्यात. तुम्ही तो फळीवर लावला आणि मला निरोप पाठवलात, की आज दुपारी थेट काही नको, तबकड्या वाजवा, उद्या बघू. लिमिटर नसताना संथ तबकड्या चालतात. त्यांचा आवाज आधीच बांधलेला असतो.

माझी बाराला थेट चर्चा होती. सहा बायका घरदार सोडून, नवऱ्यांची जेवणं आटपून येऊन बसल्या होत्या. मी तडक कंट्रोल रूममध्ये आले. तुम्ही गुडघ्यावर बसला होता, हातात जुना, अजून धड असलेला जोडीदार. मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही, पण मुद्दा असा होता की कंपनी तीच, नंबर तोच, मग हे सोवळं कशाला. तुम्ही म्हणालात, नंबर एक असला म्हणून स्वभाव एक नसतो. मी म्हटलं :

"भाऊजी, बाहेर सहा बायका बसल्यात. तुमच्या या संसारासाठी मी त्यांना परत पाठवणार नाही. घाला तो आणि मोकळे व्हा."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. थोरल्या भावाच्या बायकोला उलट उत्तर द्यायचं नाही, हे सासूबाईंनी तुमच्यात इतकं पक्कं भरलं होतं की ते ऑफिसातही सुटायचं नाही. तुम्ही फळीवरचा नवा व्हॉल्व्ह काढलात. पुरता एक तासही तो तापला नव्हता. जुन्याशेजारी बसवलात आणि झाकण लावलंत.

चर्चा उत्तम झाली. बायका मनमुराद हसल्या, एकीनं तर टेबलावर हात आपटला. धप्प नाही, काही नाही. जाता जाता मी टोमणा मारलाच, की बघा, लागला की नाही संसाराला? तुम्ही आवाजाच्या मीटरच्या काट्यावरची नजर न काढता म्हणालात, "अजून तापतोय तो."

अडीचला बंदर कचेरीतून फोन आला. उद्या पहाटे येणार म्हणून सांगितलेलं वादळ वळलं होतं आणि संध्याकाळी सहाच्या आत किनाऱ्यावर धडकणार होतं. सकाळी गेलेल्या एक्केचाळीस मासेमारी होड्या आत समुद्रात होत्या. त्यांना परत बोलावायचं एवढंच नव्हतं. बंदराच्या तोंडाशी आताच लाटा फुटायला लागल्या होत्या. तिथून आत शिरू पाहील ती होडी जुन्या धक्क्याच्या खडकांवर जाणार. सगळ्यांनी उत्तरेच्या खाडीत शिरायचं होतं. आणि हे त्यांना कळायला एकच मार्ग : होडीत कोणाचा छोटा ट्रान्झिस्टर असेल तो, आणि आमचं स्टेशन.

दोन चाळीसला मी मायक्रोफोनसमोर बसले. चार वाक्यांचा मजकूर. पहिलं नीट गेलं. दुसऱ्यातला 'ताबडतोब' उच्चारला आणि कोपऱ्यातल्या स्पीकरमधून धप्प असा आवाज आला, उशीवर बुक्की मारावी तसा. मग काहीच नाही. माझाच आवाज मला ऐकू येईना.

काचेपलीकडे तुम्ही फोन उचलताना दिसलात. पाच मैलांवरच्या ट्रान्समीटरवर जो माणूस होता तो म्हणत होता, रिले पडलं. त्यानं ते उचललं. मी पुन्हा सुरुवात केली, 'सर्व मच्छीमार होड्यांना' एवढं गेलं, पुन्हा धप्प. पुन्हा उचललं, पुन्हा पडलं. भिंतीवरचं घड्याळ माझ्या समोरच होतं. काटा हलताना इतका स्पष्ट मी कधी पाहिला नव्हता. सात मिनिटं. सात मिनिटं आमचं स्टेशन हवेत नव्हतं, आणि त्या वेळी समुद्रावर ज्यानं रेडिओ लावला असेल त्याला नुसता चरचर आवाज आला असेल आणि त्यानं तो बंद केला असेल.

मग तुम्ही उठलात. यंत्राच्या पाठीमागे जाऊन दोन तारा उपटल्यात, एक सरळ जोडलीत, आणि आवाजाच्या टेबलाशी येऊन बसलात. तिथला ऑपरेटर आपण होऊनच बाजूला झाला. उजवा हात माझ्या मायक्रोफोनच्या नॉबवर, डावा वर, मला दिसेल असा. लिमिटर आता वाटेत नव्हता. त्याच्या जागी तुम्ही.

इतक्यात संचालकसाहेब आले. त्यांचं म्हणणं अगदी शहाणपणाचं होतं : आवाज निम्म्यावर ठेवा, म्हणजे रिले पडणारच नाही, कसली कटकट नको. तुम्ही वळलातही नाहीत.

"साहेब, निम्म्यावर ठेवला तर किनाऱ्यावरच्यांना ऐकू जाईल. ते किनाऱ्यावरच आहेत."

 साहेब दाराला टेकून उभे राहिले आणि संध्याकाळपर्यंत तिथून हलले नाहीत.

हे कसं असतं, ज्यानं केलं नाही त्याला कळायचं नाही. आवाज जितका भरघोस, तितका तो लांबच्या, लाटांच्या आवाजात बुडालेल्या ट्रान्झिस्टरपर्यंत पोचणार. पण ती मर्यादा केसभर ओलांडली की रिले पडणार आणि कोणालाच काही ऐकू येणार नाही. म्हणजे काटा लाल रेघेला टेकवून ठेवायचा, पण पलीकडे जाऊ द्यायचा नाही. आणि माणसाच्या बोलण्यात एकेक अक्षर उसळतं. काटा उसळला हे बघून हात फिरवला तर उशीर झालेला असतो. आधीच फिरवावा लागतो.

तुम्ही काट्याकडे बघतच नव्हता. माझ्याकडे बघत होता. बारा वर्षं माझं बोलणं ऐकलंत, घरात आणि ऑफिसात. मोठा शब्द यायच्या आधी माझा डावा खांदा जरासा वर जातो, हे मला त्या दिवशी कळलं, कारण माझा खांदा हलला की तुमचा अंगठा हलायचा. 'ताबडतोब' आला आणि गेला. 'धोका' आला आणि गेला. स्पीकरमधून माझा आवाज येत राहिला.

दर पाच मिनिटांनी तीच चार वाक्यं. मधल्या वेळात ऑपरेटर एखादी संथ तबकडी लावायचा आणि तुम्ही तेवढ्यात बोटं उघडून मिटून घ्यायचात. चारच्या सुमाराला ट्रान्समीटरवरच्या माणसाचा फोन आला, रिले थरथरतंय, खाली घ्या. ऑपरेटरनं तुम्हाला सांगितलं. तुम्ही म्हणालात, थरथरू दे, पडलं तर सांग. साहेबांनी कपाळाचा घाम पुसला.

पावणेपाचला माझ्या घशात खवखव सुरू झाली. खोकल्याएवढं अचानक दुसरं काही नसतं. एक ठसका आणि सगळं पडलं असतं. तिसरं वाक्य, 'उत्तरेच्या खाडीकडे', आणि मला ते दाबवेना. डोळ्यांत पाणी आलं. तुम्ही नॉब पुरता खाली नेलात, मी खोकले, हुंदका आल्यासारखी दोनदा खोकले, आणि मान वर केली तेव्हा तुमचा डावा तळवा वर येत होता : चला. पलीकडे काय गेलं असेल? एका श्वासाची शांतता. नंतर घरी तुमचा भाऊ म्हणाला, त्याला वाटलं मी पान उलटलं.

सहाला पाच कमी असताना खिडक्या हलायला लागल्या आणि सव्वासहाला वीज गेली, आमचीही आणि ट्रान्समीटरचीही. त्यापुढे करण्यासारखं काही नव्हतं. साहेबांनी तुम्हाला उठवायला हात धरला तर तुमची मूठ तशीच नॉबच्या आकाराची. घरी आलात तेव्हाही तशीच. तुमच्या थोरल्या भावानं परातीत कोमट पाणी घेतलं आणि एकेक बोट सोडवत बसला. दोन माणसांचं बोलणारा तो, त्या दिवशी एक शब्द बोलला नाही. मी चहा ठेवला आणि तो उतू जाईपर्यंत बघत राहिले.

बंदर कचेरीतून रात्री निरोप आला. खाडीत चाळीस होड्या मोजल्या होत्या. आणखी येतील म्हणाले. दुसऱ्या दिवशी दुपारी जुन्या धक्क्याच्या खडकांत एक्केचाळिसावीच्या फळ्या सापडल्या. आत काका-पुतण्या होते. ते बंदराच्या तोंडातून शिरायला गेले होते, म्हणजे खाडीचं त्यांना कळलं नव्हतं.

चौकशी झाली. सात मिनिटं का गेली, आणि न तापवलेला, न मोजलेला एकटा व्हॉल्व्ह यंत्रात का बसवला, हे दोन प्रश्न. मी बाहेरच्या बाकावर बसून होते. मला आत बोलावलं नाही आणि मी दार वाजवलं नाही. तुम्ही लिहून दिलंत, 'निर्णय माझा होता.' त्या दिवशी साडेतीन तास काय केलंत ते लिहिलंच नाहीत, ते साहेबांनी आपणहून लिहिलं, म्हणून नोकरी राहिली. बढती मात्र अडली, ती कायमची. मी मूग गिळून बसले. नाव उघडं झालं असतं तर माझी निवेदिकेची नोकरी गेली असती, घरात शिकणारी दोन मुलं होती, ही सगळी कारणं खरी आहेत आणि त्यातलं एकही पुरेसं नाही.

तुम्ही मला कधी एका शब्दानं बोलला नाहीत. जोडी येईपर्यंत महिनाभर थेट कार्यक्रम बंद ठेवलेत, मी हूं की चूं केलं नाही. घरात पहिल्यासारखेच 'आलोच वहिनी' म्हणत राहिलात. एखाद्यानं चार शिव्या दिल्या असत्या तर मी रडून मोकळी झाले असते. तुमच्याजवळ तीही सोय नव्हती.

महिन्यानं एका रविवारी तुम्ही आमच्या दारात उभे राहिलात, बाहेर जायचे कपडे घालून. त्या पुतण्याची आई बर्फाच्या कारखान्यामागच्या वस्तीत राहते, हे तुम्ही शोधून काढलं होतं. तिला एकच विचारायचं होतं : त्यांच्या होडीत रेडिओ होता का. नसला, तर आपण सात मिनिटं गप्प असलो काय आणि बोलत असलो काय, त्यांना कळणारच नव्हतं. असला तर मग ते तसं. मी म्हटलं, तुम्ही जाऊन या की, मला कशाला. तुम्ही पायातली चप्पल नीट करत म्हणालात :

"मी एकट्यानं ऐकलं तर तुमच्यापर्यंत आणताना ते दाबीन. सवय आहे मला. तुम्ही स्वतः ऐका."

मी म्हटलं, पुढच्या रविवारी.

पुढच्या रविवारी धाकटीला ताप होता. त्याच्या पुढच्या रविवारी पाहुणे. मग परीक्षा, मग सासूबाईंचं आजारपण. कारणं मिळायला माझ्यासारख्या बाईला कष्ट पडत नाहीत. तुम्ही दोन-चार महिन्यांनी दारात यायचात, विचारायचात, मी काहीतरी सांगायचे, तुम्ही बरं म्हणून आत जायचात आणि बाहेरचे कपडे काढून ठेवायचात.

एकदा मात्र गेलो. तुम्ही निवृत्त झालात त्या वर्षी. बस कारखान्यापाशी उतरवते, तिथून ओल्या बोळातून डावीकडे तिसरं घर. दाराला कडी होती. शेजारीण म्हणाली, मासळी घेऊन बाजारात गेलीय, तासाभरात येईल, बसा ना. तिनं आमच्यासाठी खुर्ची काढली, एकच होती, ती तुम्ही माझ्याकडे सरकवलीत. मी बसले नाही. घड्याळ बघितलं. म्हटलं, भाऊजी, तासभर कुठे थांबायचं, पुन्हा येऊ. तुम्ही त्या बंद दाराकडे बघत थोडं उभे राहिलात. मग माझ्यामागून बस स्टॉपवर आलात.

आता बंदर कचेरीत चौकशी केली. ती म्हातारी आहे अजून, पंच्याऐंशी उलटलीय, ऐकू चांगलं येतं म्हणे. बसचा नंबर तोच आहे, आपल्या दारावरून जाते. मी अजून गेलेले नाही.